पंख्यापासून वर

शर्यतीसाठी आउटबोर्ड इंजिन तयार करायला घेतलेला नवखा माणूस सहसा आधी सिलिंडर हेड खोलतो. जाणकार बोटीच्या मागे जातो, खाली वाकतो आणि पंखा बघतो. या प्रकरणात आपणही खालून वर जाणार आहोत. मोटरसायकलच्या इंजिनात वाढवलेली ताकद टायरमधून रस्त्यावर उतरते, आणि रस्ता जागचा हलत नाही. पाणी मागे सरकतं, त्यात हवा शिरते, दाब घटला की त्याची वाफही होते. वर कमावलेले दहा हॉर्सपॉवर खाली पाण्याने घेतलेच नाहीत, तर त्यांचा नुसता आवाज होतो आणि इंजिन तापतं.

नवी मुंबईच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. शहराच्या पश्चिमेला ठाणे खाडी आहे, दक्षिणेला पनवेल खाडी. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे इथल्या कोळी बांधवांना भरती-ओहोटीचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. बेलापूरच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली. दुसऱ्या बाजूला ऐरोली-रबाळ्यापासून तुर्भे-नेरुळपर्यंत पसरलेली एमआयडीसीची टीटीसी वसाहत आहे. बोअरिंग, होनिंग, आर्गन वेल्डिंग, क्रँक बॅलन्सिंग ही कामं या पट्ट्याला नवी नाहीत. आणि महाराष्ट्राच्या गॅरेजांत टू-स्ट्रोकचं ज्ञान आजही जिवंत आहे, ते यामाहा आरएक्स १०० मुळे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या या ९८ सीसीच्या गाडीचे पोर्ट घासणारे, सायलेन्सर बदलणारे, रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या बदलून बघणारे मिस्त्री पुण्या-कोल्हापुरात आणि मुंबईत अजून सापडतात. टू-स्ट्रोक आउटबोर्डचं सिलिंडर उघडलं तर त्यांना आतलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटेल.

मुंबईने पॉवरबोटींची मोठी शर्यत पाहिली ती ३ ते ५ मार्च २०१७ या तीन दिवसांत, मरीन ड्राइव्हसमोर. पी-वन या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या त्या शर्यतीत मोटरस्पोर्टमधले गौरव गिल आणि सी. एस. संतोषही उतरले होते. सगळ्या बोटी एकाच साच्यातल्या, मागे सारख्याच ताकदीची आउटबोर्ड इंजिनं. पुढच्या वर्षी, १६ ते १८ नोव्हेंबर २०१८ ला, अमरावतीच्या नावाने कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन पॉवरबोटींची भारतीय ग्रां प्री झाली. दोन्ही ठिकाणी बोटी, इंजिनं आणि ती जुळवणारे हात मुख्यतः बाहेरून आले होते. प्रेक्षक आपले होते. तंत्रज्ञही आपले असावेत, आणि ते होण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे प्रकरण.

आउटबोर्ड हे मुळात साधं यंत्र. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूडने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ मध्ये विकायला काढलेलं त्याचं इंजिन जेमतेम दीड हॉर्सपॉवरचं होतं. रचना मात्र आजही तीच आहे: वर आडव्या सिलिंडरचं इंजिन, मधल्या पायातून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा. (एविनरूड नावाची इंजिनं २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा त्या नावाला एकशे अकरा वर्षं झाली होती.) फॉर्म्युला वनच्या बोटीवर वर्षानुवर्षं राज्य केलं ते मर्क्युरीच्या अडीच लिटरच्या व्ही-६ टू-स्ट्रोकने. वजन साधारण ११८ किलो, ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे. दहा हजार फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १६६ वेळा ठिणगी पडते. सहा सिलिंडर धरले तर सेकंदाला जवळपास हजार स्फोट. असं इंजिन तासाला १२० लिटर इंधन पितं.

आता पंख्याकडे.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा गेला असता तर एका फेऱ्यात किती पुढे सरकला असता ते अंतर. समजा इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतंय, गिअर दोनास एक आहे आणि पिच १९ इंच आहे. पंख्याचे फेरे झाले ३,०००. १९ इंच म्हणजे ४८ सेंटिमीटरहून थोडं जास्त. गुणाकार केला की मिनिटाला १,४४८ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर येतात. जीपीएसवर मात्र ७८ दिसतात. मधल्या दहा टक्क्यांच्या फरकाला स्लिप म्हणतात. पाणी मागे सरकलं त्याची ही किंमत. काही स्लिप राहणारच, तिच्याशिवाय रेटाच मिळत नाही. पण ती वीस टक्क्यांवर गेली असेल तर सिलिंडरला हात लावू नये. दोष खाली आहे.

पिच एका इंचाने वाढवली की इंजिनाचे फेरे साधारण दीडशे-दोनशेनी उतरतात, कमी केली की तेवढेच चढतात. म्हणून पोर्ट घासून इंजिनाची ताकद ५,५०० ऐवजी ७,००० फेऱ्यांवर नेली आणि पंखा जुनाच ठेवला, तर ते इंजिन नव्या ताकदीच्या पट्ट्यात पोहोचतच नाही. उलट पूर्वीपेक्षा मंद वाटतं. बिघाड नसलेलं इंजिन पुन्हा खोललं जातं ते बहुतेक वेळा याच घोटाळ्यात.

पंख्याचं काम किती बारीक असतं ते पाहायचं असेल तर जपानकडे पाहावं. तिथे १९५२ मध्ये नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे बोटींच्या शर्यती सुरू झाल्या, आणि आज देशभरात त्यांची चोवीस मैदानं आहेत. सहा बोटी, सहाशे मीटरचे तीन फेरे. इंजिन सगळ्यांना यामातो कंपनीचं, दोन सिलिंडर, सुमारे ४०० सीसी, बत्तीसेक हॉर्सपॉवरचं. आणि ते चालकाच्या मालकीचं नसतं, मैदानाचं असतं. स्पर्धेच्या आधी चिठ्ठ्या टाकून कोणतं इंजिन कुणाला ते ठरतं. मग चालक स्वतः कार्यशाळेत बसतो. पंखा ठोकळ्यावर धरून पात्याची कड हातोड्याने ठोकतो, वक्राचा साचा लावून उजेडाकडे धरून फट बघतो, पुन्हा ठोकतो, पाण्यात एक फेरी मारून येतो, पुन्हा बसतो. पूर्वी प्रत्येकजण स्वतःचे पंखे घेऊन येत असे. २०१२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि पंखाही इंजिनाबरोबरच चिठ्ठीने मिळू लागला. पात्याच्या मागच्या कडेला दिलेला किंचितसा बाक फेरे बदलतो, वळणातली पकड बदलतो आणि शर्यतीचा निकालही. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून रबाळ्याच्या भट्टीपर्यंत धातूशी रोज झुंजणाऱ्या माणसांच्या शहराला ही कला अवघड जाणार नाही.

पंख्याच्या वर गिअरकेस येते, आणि तिच्याबरोबर उंचीचा प्रश्न. मासेमारीच्या होडीवर इंजिन पुरतं खाली बसवतात, कारण लाटेत पंखा उघडा पडता कामा नये. शर्यतीत उलटं. पाण्यात बुडालेला गिअरकेसचा प्रत्येक इंच वेग खातो, म्हणून इंजिन वर उचलतात, इतकं की पंख्याचा वरचा अर्धा भाग हवेत फिरतो. त्यासाठी पातीही वेगळी लागतात: पुढची कड धारदार, मागची जाड आणि सरळ कापलेली. साधा पंखा तिथे वरून हवा ओढून घेतो आणि पकड सोडतो. पात्याच्या पाठीवर दाब फार घटला की कोमट पाणीही उकळतं, बुडबुडे होतात, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. तो दोष वेगळा. दोन्हींत फेरे अचानक चढतात, पण हवेचा उपाय उंचीत असतो आणि बुडबुड्यांचा पात्याच्या आकारात. इंजिन उचललं की आणखी एक अडचण उभी राहते. थंड करणारं पाणी ज्या बाजूच्या छिद्रांतून आत येतं ती छिद्रंही हवेत येतात. म्हणून शर्यतीच्या गिअरकेसला पुढे निमुळतं नाक बसवून पाण्याचं तोंड त्या नाकात, अगदी खाली काढतात. हे न करता नुसतं इंजिन उचलणारा माणूस काही मिनिटांत सिलिंडर जाळून बसतो.

वजनाचं गणित तर फारच बोलकं आहे. अमेरिकी नौकारचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या सूत्रानुसार पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ५० हॉर्सपॉवरचे घासून-पुसून ६० केले, तर वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढेल. एकूण वजन वीस टक्क्यांनी घटवलं, तर जवळपास बारा टक्क्यांनी. आणि वजन घटवताना पिस्टन फुटत नाही.

एवढं झाल्यावर मगच इंजिनात हात घालावा.

टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टची नळी म्हणजे इंजिनाचा अर्धा मेंदू. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळी पुढे रुंद होत गेली की तिथून ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला धूर खेचून काढते. त्यापुढे नळी निमुळती झाली की ढकलणारी लाट परत येते आणि पोर्टातून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत लोटते. सगळा खेळ वेळेचा. समजा पोर्ट १९० अंश उघडा राहतो. ६,००० फेऱ्यांना एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे पोर्ट ५.३ मिलिसेकंद उघडा. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. तेवढ्या वेळात ती जाऊन-येऊन २.६ मीटर कापेल, म्हणजे निमुळता भाग पोर्टापासून १.३ मीटरवर हवा. ९,००० फेऱ्यांना हेच अंतर ९० सेंटिमीटरच्या आत येतं. एकच नळी दोन्हीकडे कशी चालणार? म्हणून हायड्रोप्लेनच्या काही वर्गांत चालक धावत्या बोटीतच खटका ओढून नळी पुढे-मागे सरकवतात: वळणातून निघताना लांब, सरळ पट्ट्यावर आखूड.

आरएक्सवाल्या मिस्त्रीला हे सगळं पाठ असतं. त्याला नवं वाटेल ते बहुसिलिंडर इंजिन. व्ही-६ च्या एका बाजूच्या तीन सिलिंडरांना स्वतंत्र नळ्या लागतच नाहीत, कारण एकाच्या एक्झॉस्टचा धक्का नेमक्या वेळी शेजाऱ्याच्या पोर्टावर जाऊन मिश्रण आत लोटतो. आणि साध्या आउटबोर्डमध्ये धूर पायातून खाली जाऊन पंख्याच्या मध्यातून पाण्याखाली सुटतो. पाण्याचा उलटा दाब त्याला अडवतो. इंजिन उचललं की हा दाबही घटतो, म्हणून उंची बदलली की कार्बोरेटर पुन्हा तपासावा लागतो.

आउटबोर्डचं इंजिन जमिनीवरही काय करू शकतं याचा एक दाखला इथे द्यायलाच हवा. बर्लिनचे डीटर क्योनिग शर्यतीच्या बोटींसाठी चार सिलिंडरचं ५०० सीसीचं आडवं टू-स्ट्रोक बनवत. न्यूझीलंडचा किम न्यूकोम त्यांच्याकडे काम करायचा. त्याने ते इंजिन मोटरसायकलच्या सांगाड्यात बसवलं आणि १९७३ मध्ये ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाची ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला अपघातात तो गेला. मोसम संपला तेव्हा गुणतक्त्यात त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. पुढे १९७५ आणि १९७६ चं साइडकारचं विश्वविजेतेपद याच इंजिनाच्या जोरावर रोल्फ श्टाइनहाउझेनने मिळवलं.

पोर्टांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे हाताला वळण लागतं आणि ते पुस्तकातून लागत नाही. एक्झॉस्ट पोर्टाची वरची कड मिलिमीटरभर उचलली की ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खालची रया जाते. घासलेला धातू परत येत नाही. पोर्टाच्या कडा गोलसर केल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. त्यापेक्षा आधी स्क्विश मोजावा. पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात किती फट उरते ते बघायचं. मऊ सोल्डरची तार स्पार्क प्लगच्या छिद्रातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सारायची, पिनच्या रेषेत, म्हणजे पिस्टन डुलून माप चुकवणार नाही. फ्लायव्हील हाताने एकदा फिरवायचं. तार चेपून बाहेर येते. तिचं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. छोट्या इंजिनात मिलिमीटरच्या आसपास आकडा चांगला. दीडच्या वर असेल तर कडेचं मिश्रण उशिरा जळतं आणि ठोका पडतो. चारही बाजूंनी तार घालून पाहिली तर हेड किंवा ब्लॉक तिरका असल्याचंही तिथेच कळतं. वीस रुपयांच्या तारेने होणारी ही तपासणी मी कुठल्याही नव्या सुट्या भागाच्या आधी करायला सांगेन.

मोटरसायकलचा अनुभव इथे एका बाबतीत दगा देतो. रस्त्यावर गिअर बदलताना, वळणात, उतारावर इंजिनाला उसंत मिळते. बोटीला उतार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाण्याचा भार सलग, मिनिटामागून मिनिट. मोटरसायकलवर चालून गेलेलं किंचित लीन, म्हणजे इंधन कमी असलेलं, मिश्रण इथे पिस्टनच्या माथ्याला भोक पाडतं.

आणि आपल्याकडे मिश्रण लीन होण्याची एक नवी वाट उघडली आहे. २०२५ पासून देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत नऊएक टक्के जास्त इंधन गेलं पाहिजे. इंजेक्शनचं इंजिन सेन्सरच्या मदतीने हे सांभाळून घेऊ शकतं. कार्बोरेटरला काहीच कळत नाही, जेट माणसानेच बदलायचा असतो. त्यात नवी मुंबईची हवा. मे महिन्यातल्या दमट दुपारी हवेत ऑक्सिजन जितका असतो, त्यापेक्षा जानेवारीच्या गार पहाटे आठ-नऊ टक्के जास्त असतो. कार्बोरेटर त्या मानाने इंधन वाढवतो, पण निम्म्यानेच. मेमध्ये छान चाललेलं इंजिन त्याच जेटवर जानेवारीत आणखी चारेक टक्के लीन होतं. मूळचे नऊ आणि हे चार मिळून पिस्टन जायला पुरेसे आहेत. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन एकदम बंद करून प्लग काढून बघायचा. तपकिरी रंग ठीक, पांढरा दिसला तर त्याच क्षणी जेट वाढवायचा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासह टाकीच्या तळाशी बसतं, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. तळातून खेचलं जाणारं ते इंधन इंजिनाला वंगणाशिवाय चालवतं. खाडीकाठच्या दमट हवेत इंधन त्या दिवसाचं त्या दिवशी मिसळावं, उरलेलं शर्यतीच्या इंजिनात पुन्हा घालू नये.

खाडीचा गाळ हा इथला आणखी एक शत्रू. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं आणि उतरताना खाडीचा तळ ढवळून काढतं. ते गढूळ पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातल्या इंपेलरच्या रबरी पात्यांना आणि पंपाच्या पत्र्याला रेघा पाडतं. पाण्याचा दाब हळूहळू घटतो आणि चालकाला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, पाणी त्या मानाने निवळ असतं. चाचणी तेव्हा घ्यावी, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवावंच.

चाचणी कुठे घ्यायची हेही नीट ठरवलं पाहिजे. ठाणे खाडीचा उत्तरेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे उघड्या नळ्यांच्या टू-स्ट्रोकला जागा नाही, आणि नसावी. इंजिनाचं नव्वद टक्के जुळवणं डायनोवर आणि पाण्याच्या टाकीत, वसाहतीच्या चार भिंतींत होऊ शकतं. पंखा आणि उंची यांची शेवटची परीक्षा तेवढी उघड्या पाण्यावर, रीतसर परवानगीने घ्यावी.

सुरुवात लहान असावी. जागतिक पॉवरबोट संघटनेत, म्हणजे १९२२ पासून चालत आलेल्या यूआयएममध्ये, मुलांसाठी १५ हॉर्सपॉवरचा जीटी-१५ वर्ग आहे. नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, टीटीसीतल्या एखाद्या कारखानदाराने आणि खाडीकाठच्या नाखव्यांनी मिळून असा एक वर्ग इथे उभा करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्या वर्षी सिलिंडरला कुणीही हात लावायचा नाही. फक्त पंखा, उंची आणि वजन. तेवढ्यावर कोण पुढे जातो ते दिसलं की दुसऱ्या वर्षी पोर्ट आणि नळ्या. आणि पहिल्या दिवसापासून, मग ती पाच मिनिटांची चाचणी का असेना, लाइफ जॅकेट अंगावर हवं आणि किल स्विचची दोरी चालकाला बांधलेली हवी. माणूस बाहेर फेकला गेला की ती दोरीच इंजिन बंद करते.